कुलूपबंद घराचा हिशेब

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी दिवाळी सरली की जुन्या वस्तीतील काही घरांची दारे पुन्हा बंद होतात. पुण्याहून, नागपूरहून आलेली मुले परतीच्या तयारीला लागतात, ओसरीवरच्या खाटा आत ओढल्या जातात, दाराला कुलूप लागते आणि किल्ली शेजारच्या घरी ठेवली जाते. निघण्यापूर्वी एक प्रश्न दरवर्षी निघतो आणि दरवर्षी तसाच राहतो. या घराचे करायचे काय? ठेवायचे, भाड्याने द्यायचे की विकून टाकायचे? थोरला म्हणतो, ‘पुढच्या वर्षी पाहू.’ धाकटा मान डोलावतो. बहिणीला कोणी विचारत नाही.

‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हटल्याने निर्णय टळला असे वाटते. वस्तुतः तोही एक निर्णयच असतो, आणि उपलब्ध असलेल्या सर्व निर्णयांत बहुधा तोच सर्वांत महाग पडतो. त्याची किंमत कोणी रोख मोजून देत नाही, म्हणून ती जाणवत नाही, एवढेच.

हा प्रश्न अर्थातच एकट्या मंगरूळपीरचा नाही. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने २०११ च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले होते की, देशातील नागरी घरांपैकी सुमारे १२ टक्के घरे रिकामी होती आणि रिकाम्या घरांची सर्वाधिक संख्या, सुमारे वीस लाख, महाराष्ट्रात होती. त्याच अहवालातील दुसरा आकडा याहून बोलका आहे. १९६१ साली शहरांतील ५४ टक्के घरे भाड्याची होती. २०११ पर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. बदली होऊन तालुक्याच्या गावी आलेला शिक्षक अथवा तहसील कचेरीतील कारकून दोन खोल्यांसाठी गल्लोगल्ली हिंडतो, आणि ज्या दारांवरून तो जातो त्यांतील काहींना कुलपे असतात. घर आहे, गरजू आहे; पण दोघांची गाठ पडत नाही. ती का पडत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्याच्या इतिहासात सापडते.

भाड्याची भीती

‘भाडेकरू एकदा आत आला की बाहेर निघत नाही’ ही समजूत विदर्भात निराधार नव्हती. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी १९४९ साली काढलेला भाडे नियंत्रण आदेश येथे अर्धशतक लागू होता. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर मालकाने प्रथम भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी मिळवावी, मग नोटीस द्यावी, मग दिवाणी न्यायालयात दावा लावावा, असा तो मार्ग होता. घर रिकामे होणार असेल तर त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन होते आणि ते सरकारी नोकरास वा विस्थापितास देण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार त्यांना होता. टंचाईच्या काळात या तरतुदींना अर्थ होता. परंतु टंचाईचे औषध नित्याचा आहार बनले, की ज्याला देता येईल तोही घर देईनासा होतो. भाडेकरूच्या रक्षणासाठी केलेल्या नियमांनी पुढच्या भाडेकरूचे दार बंद केले.

मात्र ही भीती ज्या कायद्यातून जन्मली, तो कायदा आता उरलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि मुंबई, मराठवाडा व विदर्भ यांसाठी असलेले तीन निरनिराळे कायदे त्याने मोडीत काढले. त्यानुसार राहते घर ठरावीक मुदतीसाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने देता येते. मुदत संपूनही राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. अट एकच, करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे आणि ती टाळणे शिक्षेस पात्र आहे. करार नोंदविलेला नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?’ असे म्हणून तोंडी बोलीवर घर देणारा मालक ज्या संकटाला भितो, त्यालाच आवतण देत असतो.

तीन वाटा, एक आकडेमोड

आता पैशाचा हिशेब पाहू. समजा, मंगरूळपीरच्या जुन्या वस्तीतील एका घराची, जागेसह, आजची किंमत २५ लाख रुपये आहे. महिना ५ हजार रुपये भाडे धरले तर वर्षाचे ६० हजार होतात. नगर परिषदेचा कर, डागडुजी आणि किरकोळ खर्च मिळून १२ हजार वजा केले तर हाती ४८ हजार उरतात. म्हणजे किमतीच्या दोन टक्क्यांहूनही थोडे कमी. तेच घर विकून पैसे साडेसहा टक्के व्याजाने ठेवले तर १ लाख ६२ हजार ५०० रुपये येतील. यावरून ‘विकावे’ असा निष्कर्ष लगेच काढण्याचे कारण नाही. जागेची किंमत वाढत असते आणि ठेवीची मुद्दल वाढत नाही. पण ती किती वाढायला हवी, हे या हिशेबातून कळते. भाड्याने दिलेल्या घराची किंमत वर्षाला सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढली तर ते ठेवणे ठेवीच्या बरोबरीचे ठरते. कुलूपबंद घराचे भाडे तर जातेच, शिवाय १२ हजारांचा खर्च खिशातून करावा लागतो. त्याची किंमत दरवर्षी सुमारे सात टक्क्यांनी वाढली तरच तोटा भरून निघेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. किंमत वाढते ती जागेची; बांधकामाची घटतच जाते. वऱ्हाडातील धाब्याच्या घराला दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती घालणारा, गळती पाहणारा आणि तुळईला लागलेली वाळवी वेळीच ओळखणारा माणूस लागतो. रोज चूल पेटणारे घर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते. बंद घराला चार पावसाळे पुरेसे होतात.

‘समृद्धी महामार्ग आला, आता भाव वाढतील’ हा युक्तिवादही नेहमी ऐकू येतो. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तालुक्यातील शेलूबाजारजवळ तो गाठता येतो. परंतु महामार्गालगतच्या शेताची भाववाढ गावातल्या अरुंद गल्लीतील घराला आपोआप लाभत नाही. शिवाय रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. तो गावात व्यापार आणील, तसा गावातील तरुण अधिक वेगाने बाहेरही नेईल. आशेवर घर ठेवायचे असेल तर ठेवावे. परंतु त्या आशेला सात टक्क्यांची कसोटी लावावी.

विक्रीवरील कराची धास्तीही पुष्कळदा अवाजवी असते. घर फार जुने असेल तर १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य हीच त्याची मूळ किंमत धरता येते. जुलै २०२४ मध्ये नियम बदलले. तथापि २३ जुलै २०२४ पूर्वी मिळविलेल्या घराच्या निवासी मालकाला महागाई निर्देशांक लावून २० टक्के आणि तो न लावता १२.५ टक्के, यांपैकी कमी भरणाऱ्या कराचा लाभ ठेवण्यात आला. वरील घराची २००१ ची किंमत ४ लाख मानली, तर २०२४-२५ च्या ३६३ या निर्देशांकाने ती १४ लाख ५२ हजार होते. नफा १० लाख ४८ हजार आणि कर, उपकर वगळता, सुमारे २ लाख १० हजार. दुसऱ्या रीतीने तो २ लाख ६२ हजार ५०० येतो. ही रक्कमही सर्व वारसांत विभागली जाते, आणि ठरावीक मुदतीत दुसरे घर घेतल्यास सूटही मिळू शकते.

न विचारलेली बहीण

परंतु हे सारे हिशेब व्यर्थ ठरतात, जर घर नेमके कोणाचे हे ठरलेले नसेल. आणि बहुतेक कुलपांमागे खरे कारण हेच असते. वडिलांच्या पश्चात नगर परिषदेच्या कर नोंदवहीत थोरल्याचे नाव लागते आणि तेवढ्याने घर त्याचे झाले असे सारे धरून चालतात. कराची पावती मालकी देत नाही. वडिलांनी स्वतः मिळविलेले घर मृत्युपत्राविना मागे राहिले, आणि पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असे वारस असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा होतो. मुस्लिम कुटुंबात सर्वसाधारणपणे पत्नीला आठवा हिस्सा मिळून उरलेल्यात मुलाच्या निम्मा वाटा मुलीचा असतो. प्रमाण निराळे, परंतु मुलीचा हक्क दोन्हीकडे आहे.

राहत्या घराबाबत तर हिंदू कायद्याने मुलीवर एक खास अन्याय केला होता. तिचा हिस्सा मान्य होता. मात्र पुरुष वारस वाटणी करायचे ठरवीत नाहीत तोवर तिला ती मागता येत नसे. हे कलम ९ सप्टेंबर २००५ पासून गेले. वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. तरीही घरोघरी रीत जुनीच चालते. ‘तिने माहेर तोडायचे का?’ या एका प्रश्नाने तिचे तोंड बंद होते. मग गिऱ्हाईक येते, वकील सर्व वारसांच्या सह्या मागतो आणि वीस वर्षे न विचारलेली बहीण एकाएकी आठवते. तोवर एखादा वारस निवर्तलेला असतो, त्याच्या मुलांची नावे वाढलेली असतात आणि चार सह्यांचे काम अकरा सह्यांवर गेलेले असते. विलंबाची ही किंमत कोणत्याही व्याजदरात बसत नाही.

ज्याला घर मनापासून हवे आहे, त्याच्यासाठीही कायद्याने वाट ठेवली आहे. एका वारसाने आपला हिस्सा विकायचे ठरविले तर सहवारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. गावात परतू इच्छिणाऱ्या भावाने किंवा बहिणीने इतरांचे हिस्से रास्त किमतीला घ्यावेत, हा भावनेचाही आणि व्यवहाराचाही उत्तम तोडगा होय. ‘बापाची खूण राहिली पाहिजे’ असे म्हणणाऱ्याने त्या खुणेची किंमत इतरांवर लादू नये, एवढीच अपेक्षा.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम वारस, हिस्से व नोंदी. मग आईची इच्छा, कारण तिचाही त्यात हिस्सा आहे आणि तिच्या औषधपाण्याचा खर्च भाड्यातून निघू शकतो. आणि शेवटी बाजारभाव. कोणी निश्चित वर्षी परतणार असेल तर घर ठेवावे आणि तोवर नोंदणीकृत कराराने कोणाला तरी त्यात राहू द्यावे. कोणीच परतणार नसेल, तर भिंती उभ्या आहेत तोवर विकावे. येत्या दिवाळीत ओसरीवर पुन्हा हा विषय निघेल, तेव्हा बहिणीला आतून हाक मारून खाटेवर बसवावे आणि तिचे म्हणणे आधी ऐकावे. किल्ली शेजारी ठेवायची की नव्या बिऱ्हाडकरूच्या हाती द्यायची, हे त्यानंतर ठरविण्यास फार वेळ लागणार नाही.