सूर आणि आकाश : सात वार, सात ताल

यमन-भूपाला मागच्या आठवड्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरात सोडलं होतं. आज त्यांना तिथंच बसू द्या. एका वाचक भगिनींनी विचारलंय, ‘मुलाला साडेसाती आहे, शनीसाठी कोणता राग ऐकवावा?’ हा प्रश्न मला तिरुवारूरला घेऊन गेला, आणि तिथं गेलं की मला परतायची घाई नसते.

तिरुवारूर म्हणजे मुत्तुस्वामी दीक्षितरांचं (१७७५–१८३५) गाव. तेव्हा ते तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होतं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारी असलेले ‘तंजावर चौघे’ बंधू दीक्षितरांचेच शिष्य. दीक्षितर श्रीविद्येचे उपासक आणि ज्योतिषाचे जाणकार. कथा अशी सांगतात, की तंबियप्पा नावाच्या शिष्याला पोटशूळ जडला. दीक्षितरांनी पत्रिका पाहिली, गुरू बिघडलेला दिसला, आणि त्यांनी ‘बृहस्पते’ ही कृती रचून त्याला गायला लावली. तो बरा झाला म्हणे. पुढे एकेका वाराची अशी कृती झाली.

कथेवर विश्वास ठेवा, न ठेवा. मला गुंतवतात ते ताल. रविवारी सूर्याची कृती सौराष्ट्रम् रागात, ताल ध्रुव. सोमवारी आसावेरी, मठ्य. (ही आपली आसावरी समजू नका, हिचा रिषभ कोमल आहे.) मंगळवारी सुरटी, रूपक. बुधवारी नाटकुरंजी, झंप. गुरुवारी अठाणा, त्रिपुट. शुक्रवारी परज, अट. शनिवारी यदुकुलकांभोजी, एक. आता फक्त ताल वाचत जा : ध्रुव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अट, एक. दक्षिणेत गाणं शिकणारं पोर अलंकार घोकतं ते याच क्रमानं!

म्हणजे ग्रहाचा स्वभाव बघून ताल ठरलेला नाही. तसं असतं तर तीस वर्षांनी राशिचक्राची फेरी पुरी करणाऱ्या शनीच्या वाट्याला सगळ्यांत छोटा, चार मात्रांचा एक ताल आला नसता. ज्योतिष आहे ते साहित्यात : गुरूच्या कृतीत धनू-मीन, शुक्राच्या कृतीत वृषभ-तूळ अशी राशींची स्वामित्वं चोख येतात. तालांची मांडणी मात्र शिकवणाऱ्याची आहे. आठवडाभर रोज त्या त्या वाराची कृती म्हणा. उपासना होते आणि सातही ताल हातात बसतात.

आपल्याकडच्या तबलजींसाठी एक गंमत. दक्षिणेतला रूपक सहा मात्रांचा. आपल्या रूपकाची तीन-दोन-दोन ही विभागणी सापडते ती त्यांच्या त्रिपुटात, म्हणजे गुरूच्या कृतीत. आपली खाली-भरी तिथं शोधू नका. पण टाळ्या-बोटांवर सात मोजत ऐकलं तर चुकायला होणार नाही.

मग राहू-केतूंचं काय? त्यांच्याही कृती गायल्या जातात, दोन्ही रूपक तालात. वार सात, ताल सात. हे दोघे आले तेव्हा नवा ताल उरलाच नव्हता. सुब्बराम दीक्षितरांच्या १९०४ च्या ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’तही वारांच्या सातच कृती आहेत. या दोन मागाहून जोडल्या गेल्या, असं अनेक अभ्यासक मानतात. मीही त्यांच्याच बाजूचा, आणि माझा साक्षीदार तालच.

तर ताई, साडेसातीवर राग लिहून द्यायला मी वैद्य नाही, ज्योतिषीही नाही. पण शनिवारी मुलाला ‘दिवाकरतनुजम्’ ही शनीची कृती जरूर ऐकवा. लय फार संथ आहे, मात्रा चारच. त्यालाच मोजायला सांगा. तिसऱ्या आवर्तनाला तो घाईनं पुढं जाईल. जाऊ द्या, पुन्हा समेवर आणा.

प्रहरांचं राहिलं. पुढच्या आठवड्यात नक्की. मध्येच आणखी एखादं पत्र आलं नाही तर!