बारा दिवस, सहा किलोमीटर आणि दहा रुपये

३० जुलै ही तारीख महाराष्ट्र विसरू शकत नाही. २०१४ साली त्या दिवशी सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशे माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या रस्त्यावरून गाडी नेताना त्याला गावच दिसेना. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं मेली. आणि २०२५ च्या ३० जुलैला संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ हे रॉकेट झेपावलं. त्यात होता ‘निसार’, जमिनीची हालचाल सेंटिमीटरमध्ये मोजणारा उपग्रह. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. पण सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या कुणालाही ही बातमी परकी वाटू नये.

२०२५ च्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्या एकापाठोपाठ एक वाचत गेलं की त्यांत एक सूत्र सापडतं. मोजमाप फार बारीक होत चाललं आहे. जमीन किती सरकली, पाऊस कुठल्या खोऱ्यात पडणार, भाजीच्या गाड्यावर दहा रुपये कधी जमा झाले, सगळं नोंदलं जातंय. आता अडतं ते पुढे: ही नोंद ज्याच्या कामाची आहे, त्याच्या हाती ती वेळेवर पडते का?

निसारपासूनच सुरुवात करू, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. हा नासा आणि इस्रो यांचा एकत्रित उपग्रह, वजन जवळपास २,४०० किलो. त्यावर दोन रडार आहेत. एल-बँडचं रडार अमेरिकेनं बनवलं, एस-बँडचं भारतानं. एल-बँडच्या लहरी साधारण २४ सेंटिमीटर लांबीच्या असतात, त्यामुळे त्या झाडांच्या पानोळ्यातून आत शिरून खोडांपर्यंत, जमिनीपर्यंत पोहोचतात. एस-बँडच्या लहरी त्याहून आखूड. पिकं आणि गवताळ भाग त्यांना चांगला दिसतो. दोन्ही रडारांना मिळून एकच मोठा परावर्तक आहे: बारा मीटर व्यासाची, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची जाळी, वजन अवघं ६४ किलो. रॉकेटमध्ये ती मिटलेली होती. उड्डाणानंतर आधी नऊ मीटर लांबीचा दांडा एकेक सांधा सरळ करत पसरला आणि मग १५ ऑगस्टला ही जाळी छत्रीसारखी उघडली. अवकाशातल्या अशा यंत्रणेत एखादा सांधा अडकला, तर दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही. त्यामुळे ती जाळी नीट उघडल्याचं कळेपर्यंत दोन्ही देशांतल्या शास्त्रज्ञांचा जीव टांगणीला लागला असणार.

आपल्या दृष्टीनं यातलं महत्त्वाचं काय? साधा कॅमेरा असलेला उपग्रह पावसाळ्यात सह्याद्रीवर जवळजवळ आंधळा असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाटमाथ्यावर ढगांचा थर असतो, आणि दरडी कोसळतात त्याही याच काळात. रडार मात्र ढगांतून पाहतं, रात्रीही पाहतं. निसार दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. एकाच उताराच्या बारा दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नोंदी एकमेकींवर ठेवल्या, की परत आलेल्या लहरींमधल्या सूक्ष्म फरकावरून तो उतार किती सरकला ते कळतं. हीच पद्धत भूकंपानंतरची जमीन, बेसुमार उपशामुळे खचणारी जमीन, धरणांच्या भिंती आणि वितळत्या हिमनद्या मोजायला वापरतात. शिवाय मातीतली ओल आणि पिकाखालचं क्षेत्र याचीही माहिती मिळते. ही सगळी माहिती जगातल्या कुणालाही विनामूल्य खुली राहणार आहे. मला ती या मोहिमेची सर्वांत उदार बाजू वाटते.

तरी इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘आता दरड कोसळण्याआधी उपग्रह फोन करील’ असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. तळियेला २०२१ च्या जुलैत, इर्शाळवाडीला २०२३ च्या जुलैत ज्या दरडी कोसळल्या, त्या अतिवृष्टीनं भिजून जड झालेला डोंगर एकाएकी सुटल्यामुळे. बारा दिवसांतून एकदा येणारा उपग्रह तो क्षण पकडू शकत नाही. पण कोणता उतार वर्षानुवर्षं हळूहळू खाली सरकतोय, कोणत्या वस्तीच्या डोक्यावर धोका साचतोय, हे तो सांगू शकतो. त्या यादीवरून कुठल्या वाडीचं पुनर्वसन आधी करायचं, कुठे पर्जन्यमापक आणि भोंगा बसवायचा, हे ठरवणं मात्र जिल्हा प्रशासनाचं काम. नकाशा विनामूल्य मिळतो म्हणून निर्णय आपोआप होत नाहीत.

दुसरी मोठी बातमी पुण्यातली आहे, आणि तिचं म्हणावं तसं कौतुक झालं नाही. २६ मे २०२५ ला ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामान अंदाजाची नवी प्रणाली देशासाठी खुली झाली. ती विकसित केली पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं. नेमक्या त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे सोळा दिवस आधी, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. कुलाब्याला त्या दिवशी मे महिन्यातल्या पावसाचा शंभराहून अधिक वर्षांचा विक्रम मोडला.

या प्रणालीचं मर्म तिच्या चौकोनांत आहे. हवामानाचं प्रारूप पृथ्वीवर चौकोनांचं जाळं टाकतं आणि प्रत्येक चौकोनासाठी वारा, तापमान, दाब, बाष्प यांची गणितं सोडवतं. आधीच्या प्रारूपात चौकोनाची बाजू १२ किलोमीटरची होती, आता ती ६ किलोमीटरची आहे. म्हणजे जिथे १४४ चौरस किलोमीटरला एकच आकडा मिळत होता, तिथे आता चार वेगवेगळे मिळतात. ऐकायला हे सोपं वाटतं, पण बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि गणिताचा कालखंडही निम्मा करावा लागतो, त्यामुळे आकडेमोड साधारण आठपट वाढते. त्यासाठी पुण्यात ‘अर्क’ आणि नोएडात ‘अरुणिका’ हे महासंगणक बसवले आहेत.

महाराष्ट्रासाठी हा फरक किती मोठा आहे, ते एका सातारा जिल्ह्यावरून कळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्याही खाली येतो. आणखी पूर्वेला माण तालुक्यात, दहिवडीकडे, पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढी तफावत असताना ‘सातारा जिल्ह्यात उद्या ऑरेंज अलर्ट’ या वाक्याचा माणच्या शेतकऱ्यानं काय अर्थ घ्यायचा? हवामान खात्यानं आता सातारा, पुणे, कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा द्यायला सुरुवात केली आहे, हे फार चांगलं झालं. सहा किलोमीटरच्या चौकोनांमुळे तो अंदाज ग्रामपंचायतीपर्यंत नेणं आता शक्य झालं आहे.

पण गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पाहा. तिथे फिरतो तो बहुधा परवाचा, तारीख कापलेला, जिल्ह्याचा रंगीत नकाशा. त्याच्याखाली कुणीतरी विचारतं, ‘आपल्याकडं हाय का?’ आणि उत्तर येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात जे झालं, ते पाहिल्यावर हा प्रश्न टोचत राहतो. सीना नदीनं काठ सोडला, धाराशिव आणि बीडमध्ये उभं सोयाबीन पाण्यात कुजलं, कित्येकांच्या शेतातली माती खरवडून गेली. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं, माती परत यायला पिढ्या जातात. अचूक अंदाज असता तरी ते सोयाबीन वाचलं नसतं. पण गोठ्यातली जनावरं, मोटार, घरातलं धान्य आदल्या रात्री वरच्या अंगाला हलवता आलं असतं. त्यासाठी गावाच्या नावानं, गावाच्या भाषेत, वेळ घालून दिलेला इशारा हवा. आयआयटीएमचंच ‘दामिनी’ हे ॲप विजेच्या बाबतीत असं काम करतं: आपण उभे आहोत त्या जागेच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरात वीज पडण्याची शक्यता असेल तर सावध करतं. रानात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असायलाच हवं, आणि इशारा आला की झाडाखाली थांबायचं नाही हेही त्याला माहीत हवं.

आता थोडं बाजाराकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरचे व्यवहार पहिल्यांदाच एका महिन्यात दोन हजार कोटींच्या वर गेले. दिवसाला सरासरी ६४ कोटी. २०१६ साली सुरू झालेल्या व्यवस्थेनं नऊ वर्षांत एवढी मजल मारली. भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावर मेथीच्या जुड्यांशेजारी साउंडबॉक्स ठेवलेला असतो आणि ‘दहा रुपये प्राप्त झाले’ ऐकू आलं की त्या मान वर न करता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. ज्यांना स्क्रीनवरचं वाचता येत नाही, त्यांनाही व्यवहाराची खात्री देणारा हा आवाज मला गेल्या काही वर्षांतल्या फार मोलाच्या शोधांपैकी एक वाटतो.

२०२५ मध्ये ही व्यवस्था अडखळलीही. मार्च-एप्रिलमध्ये ती काही वेळा बंद पडली. १२ एप्रिलच्या बिघाडाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. काही बँकांच्या यंत्रणा ‘व्यवहार झाला का, झाला का’ अशी विचारणा पुन्हा पुन्हा पाठवत राहिल्या आणि त्या विचारण्यांच्या ओझ्याखाली मूळ व्यवहार दबले. म्हणून १ ऑगस्टपासून मर्यादा आल्या: एका ॲपवरून दिवसाला जास्तीत जास्त पन्नास वेळा शिल्लक पाहता येते, आणि अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीन वेळाच, तीही मध्ये दीड मिनिट थांबून. १ ऑक्टोबरपासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पैशांची मागणी पाठवण्याची सोयही बंद झाली, कारण ‘पैसे येणार आहेत, पिन टाका’ असं सांगून लोकांना लुबाडण्यासाठी ती सर्रास वापरली जात होती. घरातल्या आजी-आजोबांना एवढं नक्की सांगून ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

बाजारातलीच आणखी एक बातमी: २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, त्याचा हिशेब एव्हाना प्रत्येक घरानं केलाच असेल. मुलांच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर करमुक्त झाले. टूथपेस्ट आणि शाम्पू १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर गेला. आरोग्य विमा हप्त्याच्या ओझ्यामुळे सोडून द्यायच्या विचारात असलेल्यांनी नवा हप्ता एकदा तपासून पाहावा.

अवकाशातली एक बातमी तर थेट स्वयंपाकघरात शोभावी अशी. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला ॲक्सिऑम-४ मोहिमेतून निघाले, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचणारे पहिले भारतीय ठरले आणि १५ जुलैला परतले. राकेश शर्मांच्या १९८४ च्या उड्डाणानंतर एक्केचाळीस वर्षांनी भारतीय माणूस अवकाशात गेला. सोबत शुक्लांनी आमरस, गाजर हलवा आणि मूग डाळीचा हलवा नेला होता. पण मला जास्त भावले ते त्यांनी तिथे उगवलेले मूग आणि मेथी. हा प्रयोग धारवाडचा, तिथल्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा. मुगाला मोड आणणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट: रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे. पण जिथे ‘खाली’ असं काही नाही, तिथे मूळ कुठल्या दिशेला वाढणार? दाण्याभोवतीचं पाणी निथळणार कसं? त्या मोडांत पोषक द्रव्यं तेवढीच राहतात का? तिथे अंकुरलेले दाणे गोठवून परत आणले आहेत. दीर्घ मोहिमांत ताजं अन्न पिकवायचं झालं तर सुरुवात अशाच भरवशाच्या, चार दिवसांत उगवणाऱ्या बियांपासून होणार.

२०२५ मध्ये एक उणीवही जाणवत राहिली. २० मे रोजी पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. आयुका ही संस्था त्यांनी उभी केली आणि तिच्या आवारात शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिकाही उभी राहिली. मुलांनी स्वाक्षरी मागितली की ते म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. आणि उत्तरं खरंच यायची. त्यांच्या निधनानंतर साधारण महिनाभरानं चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं आली. तिचा ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा खगोलशास्त्रासाठी बनवलेला आजवरचा सर्वांत मोठा. अवघ्या दहा तासांच्या निरीक्षणांत त्यानं दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह टिपले. १ जुलैला ‘थ्रीआय ॲटलास’ हा धूमकेतू सापडला. सूर्यमालेबाहेरून आलेला, आपल्याला माहीत झालेला हा फक्त तिसरा पाहुणा. दिवाळीनंतर लगेच, ऑक्टोबरच्या अखेरीस, तो सूर्याच्या सर्वांत जवळून गेला. पृथ्वीला त्याचा काडीचाही धोका नव्हता, कारण तो आपल्यापासून २५ कोटी किलोमीटरहून जवळ आलाच नाही. नुसत्या डोळ्यांनीही तो दिसण्यासारखा नव्हता. त्याच्याबद्दल भीती घालणारे व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

मुलांना हे जवळून दाखवायचं असेल तर लांब जायला नको. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन भरतं, सर्वांना प्रवेश असतो आणि आसपासच्या गावांतल्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. मुलांना तिथल्या शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारू द्या. प्रश्न घरूनच लिहून नेले तर उत्तम. दुर्बिणीच्या परिसरात मोबाइल मात्र बंद ठेवावा लागतो, कारण दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरींच्या मानानं आपल्या खिशातला फोन फारच मोठ्यानं बोलतो.