शीळ कोणासाठी?

१८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने पिंजऱ्यातल्या शामाचे गाणे मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित केले. पक्ष्याच्या गाण्याचे हे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण. शामा मूळचा आपल्याकडचा. सह्याद्रीच्या दाट रानातही तो गातो. तीनच वर्षांनी, एप्रिल १८९२ मध्ये, इंग्लंडमध्ये चेरी कीर्टनने एका कस्तुराच्या घरट्याचा अंड्यांसह फोटो काढला. पुढे चेरी आणि रिचर्ड या भावांनी पक्ष्यांजवळ जाण्यासाठी बैलाचे कातडे भरून पोकळ बैल बनवला आणि त्यात कॅमेरा घेऊन माणूस लपवला.

ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रण या दोन कला वेगवेगळ्या वाटांनी वाढल्या. आज दोन्ही एकाच मोबाइलमध्ये आहेत आणि गाणाऱ्या पक्ष्याची अडचण तिथेच सुरू होते.

आपल्या शीळकरी कस्तुराचेच पाहा. माथेरान, महाबळेश्वर, आंबोली या भागांत पावसाळ्याच्या तोंडावर तो उजाडण्याआधीच शीळ घालू लागतो. एखादा पोरगा रमतगमत शिट्टी वाजवत चालला असावा, तशी ती शीळ. नावात कस्तूर असला तरी आजच्या वर्गीकरणानुसार तो शामा आणि दयाळ यांच्या कुळातला.

ऐकायला सोपा, टिपायला महाकठीण. त्याच्या कपाळावरची आणि खांद्यावरची निळाई रंगद्रव्याची नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशातून ती दिसते. प्रकाशाचा कोन चुकला की उरतो काळा पक्षी. त्यात पहाट, धुके, झाडांची सावली. कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) वाढवला तर फोटो खरखरीत होतो, शटर मंद ठेवले तर पक्षी हललेला दिसतो. मग कोणीतरी मोबाइल काढून ‘कॉल वाजवतो’, म्हणजे त्याच पक्ष्याची मुद्रित शीळ ऐकवतो.

नराचे गाणे म्हणजे हद्दीची दवंडी. तीच शीळ दुसरीकडून आली की आपल्या हद्दीत कोणी घुसला, असे समजून तो चारा सोडून उघड्यावर येतो. फोटो मिळतो; पण त्यात दिसतो तो नसलेल्या शत्रूला शोधणारा पक्षी. शीळ घालण्याचा हाच काळ विणीचा. ओढ्याकाठच्या कपारीत घरटे असते. सुट्टीच्या दिवशी एकामागून एक गट तोच कॉल वाजवत राहिले, तर त्याचा दिवस घुसखोर शोधण्यातच जातो.

याला पर्याय त्याच्या सवयींतच आहे. गाण्याच्या ठरलेल्या जागांवर तो पुन्हा पुन्हा येतो. खेकडे आणि गोगलगायी शोधत ओढ्यातल्या दगडांवर उतरतो. शीळ कुठून येते हे आधी नीट ऐकावे, घरट्यापासून लांब, आडोशाला बसावे आणि उजेड वाढेपर्यंत थांबावे.

फोटोखाली कॅमेरा, लेन्स आणि शटरचे आकडे आपण हौसेने छापतो. त्यांच्या जोडीला आणखी एक ओळ सक्तीची करावी: कॉल वाजवला होता की नाही? छायाचित्र-स्पर्धांनी आणि नियतकालिकांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर निम्मे मोबाइल खिशातच राहतील.