चौदावा दिवस

दसरा झाला की शहागड परिसरात दोन हिशेब एकदम सुरू होतात. ऊसतोडीचा मुकादम कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, मोजतो आणि आशाताई बाळांचे दिवस. खाली मांडलेला दिवस कुणा एकीचा नाही. गोदाकाठच्या गावांत या हंगामात तो बहुतेकींच्या वाट्याला येतो.

सकाळी साडेसहा. घरची भाकरी तव्यावर असतानाच फोन. एका गरोदर बाईच्या पायांवर सूज आलीय. डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, एवढं विचारून ताई सांगतात, "आजच सिस्टरकडं जाऊ, बीपी बघून घेऊ." या फोनची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

नऊ. पहिली गृहभेट. बाळ सात दिवसांचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, अशा सहा भेटी. ताई आधी साबणानं हात धुतात, कोपरापर्यंत. सासू बघत राहते. घरात आल्या आल्या हात धुणारी पाहुणी तिला अजून नवलाची वाटते. मग काखेत थर्मामीटर, मग झोळीत घालून वजन. शेवटी झबलं वर करून बाळाची छाती निरखायची आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. बाळ रडलं की थांबायचं, शांत झालं की पुन्हा एकपासून. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि तरीही तेवढेच आले तर थेट दवाखाना. आज अठ्ठेचाळीस.

या मिनिटाची वाट गडचिरोलीतून आली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना हेच शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्याआधी, १९७० पासून, जामखेडला आरोळे दाम्पत्यानं गावातल्या बायकांच्या हाती आरोग्य सोपवलं होतं. सरकारी आशा त्यानंतरची, २००५ ची.

आवराआवर करताना सासू हळूच सांगते, "ताई, परवा गाडी लागतीय."

"ओली बाळंतीण घेऊन?"

"उचल घेतलीय. ती नाही आली तर अर्धा कोयता होतो. मुकादम ऐकतो का?"

म्हणजे चौदावा दिवस उसाच्या फडात. उपदेश करून उपयोग नाही, हे ताईंना कळतं. उचल कशी फिटणार, याचं उत्तर त्यांच्या पिशवीत नाही. त्या विचारतात ते एवढंच : कारखाना कुठला, मुकादमाचा नंबर काय, आणि लसीचं कार्ड कुठल्या पेटीत ठेवलंय. दीड महिन्याची लस तिकडंच घ्यावी लागणार. मग बाळंतिणीला जवळ बसवून धोक्याच्या खुणा तिच्याच तोंडून वदवून घेतात : दूध ओढत नाही, अंग गार लागतं, छाती आत ओढली जाते.

सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की आशाला २५० रुपये मिळतात. या घरच्या होणार नाहीत. कामावर मोबदला ठरवणं कागदावर नीट दिसतं, पण ज्या घराला आशाची गरज सर्वांत जास्त, त्याच घरात तिचा मोबदला बुडतो. ही मेख पद्धतीतच आहे. २०२४ च्या मार्चमध्ये, संपानंतर, राज्यानं दरमहा ५ हजारांची वाढ दिली खरी. पण त्या वाढीनंही ही मेख निघाली नाही.

साडेअकरा. अंगणवाडीत लसीकरण. सकाळची सुजलेल्या पायांची बाई आली आहे. सिस्टर तिचा बीपी बघतात, लघवी तपासतात. बाकी रडारड नेहमीचीच.

तीन. ऊन उतरलं की अंकुशनगरच्या कारखान्याकडच्या शिवारात. इथल्या टोळ्या बाहेर जातात, तशा बाहेरच्या इथं येतात. कोप्या अजून अर्ध्याच उभ्या आहेत. एका कोपीत सहा महिन्यांची पोटुशी, कार्ड गावाकडंच राहिलेलं. ताई नवं कार्ड भरतात. तिच्या गावच्या आशानं ती यादीत धरलेली असणार. आता ती दोन्हीकडं मोजली जाईल किंवा कुठंच नाही.

सात. जेवणाआधी फोन घेऊन बसायचं. माहिती ऑनलाइन चढवायची. रेंज गेली की पुन्हा भरायची. मग गटप्रवर्तक ताईंना निरोप : परवा जाणाऱ्या बाळाचं नाव, आजचं वजन, कारखाना, मुकादमाचा नंबर. तिकडची आशा कोण, तेवढं उद्या दुपारपर्यंत कळवा.