ठोकळा वीण

सतरंजीची रुंदी ताण्याच्या धाग्यांच्या सारख्या गटांत विभागून, त्या गटांच्या ठोकळ्यांत दोन रंग आलटून पालटून पृष्ठावर आणणारी हातमागाची वीण. इंग्रजीत तिला ‘ब्लॉक वीव्ह’ म्हणतात. उत्तर भारतातील पंजा दरीत प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या क्षेत्रापुरता हाताने विणून मागे फिरवितात. त्यामुळे आकृतीला मोकळीक मिळते. पण काम सावकाश होते आणि रंगांच्या उभ्या सीमेवर बाणे एकमेकांत अडकविले नाहीत, तर फट राहते. ठोकळा विणीत दोन्ही रंगांचे धोटे काठापासून काठापर्यंत जातात व पुढे न दिसणारा रंग मागील बाजूस राहतो. सतरंजी जाड, सलग व दोन्ही बाजूंनी वापरण्याजोगी होते.

शिकण्यास ‘उन्हाळी-हिवाळी’ वीण सोयीची. एक बाजू फिकट व दुसरी गडद दिसत असल्याने हे नाव पडले. तीस चार वया (ताण्याचे धागे उचलणाऱ्या चौकटी) पुरतात. पहिल्या दोन बांधणीच्या, उरलेल्या नक्षीच्या. ‘अ’ ठोकळ्याचे धागे १, ३, २, ३ आणि ‘आ’ ठोकळ्याचे १, ४, २, ४ या क्रमाने वयांत ओवतात. गडद बाण्यासाठी १ व ३, फिकट बाण्यासाठी १ व ४, पुन्हा गडदासाठी २ व ३ आणि फिकटासाठी २ व ४ या वया उचलल्या, की ‘अ’ फिकट व ‘आ’ गडद उमटतो. बाण्यांचे रंग बदलले, की ठोकळ्यांचेही बदलतात. दोन वया बांधणीत गुंतत असल्याने आठ वयांच्या मागावरही ठोकळे सहाच मिळतात. आराखड्यात आलेख-कागदाचा एक चौकोन म्हणजे चार धागे. नवशिका एकेक धागा रेखाटू लागतो व गोंधळतो.

खरी कसोटी ठोकणीची. बाण्याने ताणा पूर्ण झाकावा लागतो, म्हणून ताणा मजबूत, विरळ (सेंमी.स सु. २ ते ३ धागे) व घट्ट ताणलेला असतो. लोकरीचा बाणा कमानीसारखा सैल टाकून फणीने जोरात ठोकतात. तो ताठ टाकल्यास काठ आत ओढले जातात. हा दोष विणून झाल्यावर दुरुस्त होत नाही.

ठोकळ्यांची जागा ओवणीतच ठरून गेल्याने तिरप्या वा वक्र आकृती या विणीत सहज साधत नाहीत. ब्रिटिश विणकर पीटर कॉलिंगवुड (१९२२–२००८) यांनी विणकाम चालू असतानाच नक्षीचे धागे एका वईवरून दुसरीवर नेण्याची युक्ती विकसित केली. तीमुळे थोड्या वयांवरही आकृतीला बरीच मोकळीक मिळाली. मात्र असा प्रत्येक बदल विणकराला हातानेच करावा लागतो.