व्हॉल्व्ह बदलला की आवाज का बदलतो?

बीड जिल्ह्यात लग्नाचा मांडव पडला की झाडाला भोंगा बांधायचा आणि दिवसभर रेकॉर्डी लावायच्या, हे एका पिढीने अनुभवले आहे. अंबाजोगाई असो की आष्टी, जुन्या अँप्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह तांबूस उजळत असत. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि व्हॉल्व्ह अडगळीत गेले. आता रेकॉर्डींबरोबर व्हॉल्व्हचेही शौकीन वाढले आहेत. फोनो प्रीअँप्लिफायरमधला एक व्हॉल्व्ह काढून दुसरा बसवायचा आणि कान देऊन ऐकायचे, हा त्यांचा छंद. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बनवलेल्या ईसीसी८३ व्हॉल्व्हनाही त्यांच्यात मागणी आहे. कुणाला आवाज गोड वाटतो, कुणाला मोकळा. यात तथ्य किती?

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पोकळीतून अ‍ॅनोडकडे धावतात. वाटेत ग्रिडची जाळी असते. तिच्यावरचा विद्युतदाब किंचित बदलला की प्रवाह बराच बदलतो. रेकॉर्डवरच्या सुईला जोडलेल्या पिकअपमधून येणारा संदेश जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो. तो सुमारे १०० पट वाढवायचा असतो.

ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७, याचा वर्धनांक, म्हणजे तो संदेश जास्तीत जास्त किती पट वाढवू शकतो तो आकडा, १०० आहे. १२एटी७चा ६०, तर १२एयू७चा २०च्या आत-बाहेर. तिन्ही एकाच नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात. पण पिना जुळल्या म्हणून पत्रिका जुळत नाही. १२एयू७ बसवला तर आवाज लहान होतोच, शिवाय तारस्वरही बदलू शकतात. ग्रिड आणि अ‍ॅनोड यांच्यामधली धारिता दीड-पावणेदोन पिकोफॅरडच असते, पण वर्धनामुळे ती पिकअपला कितीतरी पट मोठी भासते. १२एएक्स७च्या टप्प्याचे वर्धन ६० धरले, तर ती सुमारे १०० पिकोफॅरड होते. केबलच्या आणखी १०० मिळून पिकअपच्या ५०० मिलिहेन्रीच्या कॉइलशी १६ हजार हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो. तिथे १२एयू७ लावला तर तो २० हजारांकडे सरकतो. झांजेची किनार वेगळी ऐकू येण्यामागे हे एक कारण.

एकाच जातीचे, पण वेगळ्या कारखान्यांतले व्हॉल्व्ह घेतले तर मुख्य फरक खरखर, गुणगुण आणि धक्क्यांना मिळणारा प्रतिसाद यांत दिसतो. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो. आरआयएए मानकानुसार प्रीअँप्लिफायर तो परत उचलतो. ५० हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे ७ पट वाढतो. परळीच्या औष्णिक केंद्रातून निघणारी वीजही ५० हर्ट्झचीच, त्यामुळे तिची गुणगुण इथे सहज डोके वर काढते. काचेवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारली आणि स्पीकरमधून मोठ्याने 'टण' आले, तर त्या व्हॉल्व्हचे आतले भाग सैल आहेत असे समजावे. असा व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यात नको.

मग गोडव्याचे काय? थोडा मोठा आवाज कानाला बहुधा सरस वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्ही व्हॉल्व्हचा आवाज मीटरने सारखा करावा आणि कोणता लावला आहे हे दुसऱ्याला ठरवू द्यावे. तरीही फरक ओळखता आला, तर तो व्हॉल्व्हचा. नाही आला, तर नावाचा आणि किमतीचा.

एक सावधगिरी: आत दोन-अडीचशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात. झाकण उघडायचे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे.