छायाचित्रणाचें द्रावण घरच्या घरीं

रत्नागिरीच्या पावसाळ्यांत बरणींतलें मीठ पाझरूं लागतें. छायाचित्रकाराच्या अंधारकोठडींतील रसायनेंही तेथें सुखरूप राहात नाहींत. म्हणून कृष्णधवल फिल्म धुण्याचें द्रावण घरीं करणाराला प्रत्येक घटकाचें काम ठाऊक हवें.

कोडॅकचा ‘डी-७६’ हा पाठ १९२७ पासून प्रसिद्ध आहे. सुमारें ५० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाऊण लिटर पाण्यांत प्रथम मेटॉल २ ग्रॅम विरघळवावें. मग क्रमानें निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व टांकणखार २ ग्रॅम घालून थंड पाण्यानें १ लिटर भरावें. क्रम मोडूं नये. सल्फाइटच्या दाट द्रावणांत मेटॉल नीट विरघळत नाहीं. मेटॉल कातडीस बाधतें, म्हणून हातमोजे घालावे.

मेटॉल व हायड्रोक्विनोन प्रकाश लागलेल्या रौप्यक्षारांतून चांदी मोकळी करतात. टांकणखार त्या क्रियेस चालना देतो. सल्फाइट द्रावणाचें हवेपासून रक्षण करतें. परंतु दमट हवेंत हा रक्षकच प्राणवायु घेऊन सल्फेट बनतो. दोन्ही भुकट्या पांढऱ्याच! द्रावण लौकर निकामी होतें, आणि फसगत कळते ती निगेटिव्ह फिकी उतरल्यावर. गेलेला प्रसंग मग पुन्हां टिपतां येत नाहीं. यास्तव सल्फाइट थोडेंच आणावें, घट्ट बुचाच्या बाटलींत ठेवावें, आणि आधीं फिल्मचा एक तुकडा धुवून पाहावा.